मराठी पवित्र शास्त्र, सुधारित आवृत्ती (साधी काळ्या कव्हरची प्रत) : वर्षभर वापरून मग लिहितेय

आईला सांगितलं की मी आपल्या मराठी बायबलचा रिव्ह्यू लिहितेय तर ती म्हणाली, अगं वचनाला काय स्टार देणार तू? वचनाला नाही गं आई, भाषांतराला, कागदाला, बाइंडिंगला आणि टीपांना देणार आहे, कारण पैसे मोजून घेतो ती वस्तू आहे आणि घेणाऱ्याला आधी कळायला पाहिजे की हातात काय येणार.

तर वस्तू म्हणजे आपल्या बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत पुलपिटवर असते तीच सुधारित आवृत्ती. जुना करार ३९ पुस्तकं, नवा करार २७, एकूण ६६. दोन कॉलम, पातळ कागद, काळं रेग्झिन, एक रिबन. प्रकाशकाचं नाव लिहीत नाही कारण माझ्या तक्रारी एका साध्या स्वस्त प्रतीबद्दल आहेत, कोणाला नावं ठेवायची नाहीत. मागच्या वर्षी आमच्या तरुण संघासाठी एकदम बारा प्रती घेतल्या आणि तेव्हापासून दर शुक्रवारी संध्याकाळी आम्ही त्याच उघडून बसतो, त्यामुळे जे लिहितेय ते दुकानात उभ्या उभ्या चाळून लिहिलेलं नाही.

घ्यायचं कारण सांगते, कारण त्यातच अर्धा रिव्ह्यू आहे. आमच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड आला होता, तुमच्याकडेही आलाच असेल, की इंग्रजी एनआयव्ही बायबलमधून ६४,५७५ शब्द काढून टाकलेत, ४५ वचनं गायब, 'जेहोवा' आणि 'कॅल्व्हरी' हे शब्द उडवले, ताबडतोब मोबाईलवर मत्तय १७:२१ आणि प्रेषितांची कृत्ये ८:३७ उघडून बघा आणि दहा जणांना पाठवा. पोरांनी तिथल्या तिथे मोबाईल उघडले आणि खरंच, १७:२० नंतर थेट १७:२२. एकदम शांतता. एक मुलगा म्हणाला, ताई, मग आपल्या मराठीतून पण काढलंय का? माझ्याकडे तेव्हा नीट उत्तर नव्हतं आणि ते मला फार लागलं, कारण ही पोरं उद्या कॉलेजात जाणार, तिथे कोणीतरी विचारणार की तुमचं पुस्तक बदललंय ना, आणि त्यांच्याजवळ उत्तर म्हणून फक्त एक फॉरवर्ड असणार.

मराठी प्रत उघडली तर १७:२१ आहे, "तरीपण प्रार्थना व उपवास ह्यांवाचून असल्या जातीचे भूत निघत नाही", पण चौकोनी कंसात. आणि माझी पहिली तक्रार इथेच आहे. कंस आहे पण तो का आहे हे माझ्या प्रतीत कुठेच नाही, ना पानाखाली ना प्रस्तावनेत. कंस बघून पोरांना उलट जास्त संशय आला.

मग मी महिनाभर वाचत बसले आणि पुढच्या शुक्रवारांना थोडं थोडं सांगितलं, ते इथेही सांगते कारण ही प्रत घेणाऱ्याला हे लागणारच आहे. वचनांचे नंबर पौलाने किंवा मत्तयाने घातलेले नाहीत. ग्रीक नव्या कराराला ते रॉबर एस्तिएन नावाच्या, मूळच्या पॅरिसच्या आणि नंतर जिनिव्हाला गेलेल्या छापखानेवाल्याने १५५१ मध्ये घातले. त्याच्यासमोर जो मजकूर होता तो मुख्यतः इरॅस्मस या डच विद्वानाने १५१६ पासून छापलेल्या ग्रीक मजकुरावर उभा होता आणि इरॅस्मसला मिळालेल्या हस्तलिखित प्रती थोड्या आणि बऱ्याच उशिराच्या होत्या. नंतर चौथ्या शतकातल्या प्रती अभ्यासाला मिळाल्या, सिनायच्या सेंट कॅथरीन मठातली आणि व्हॅटिकनच्या ग्रंथालयातली, आणि दिसलं की काही ओळी तिथे नाहीतच. म्हणजे कोणीतरी प्रेमाने समासात लिहिलेली किंवा दुसऱ्या शुभवर्तमानातली आठवलेली ओळ नकलाकाराच्या हातून मजकुरात शिरली असणार. नवीन भाषांतरकारांनी ती खाली टीपेत नेली पण नंबर तसेच ठेवले, म्हणून मधे रिकामी जागा दिसते. आणि ती टीप एनआयव्हीत त्याच पानावर असते, मोबाईलवर तेवढ्या बारीक खुणेवर बोट ठेवावं लागतं, फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ते ठेवलेलं नाही.

'जेहोवा' शब्दाचं तर असं आहे की ज्या किंग जेम्स या जुन्या इंग्रजी भाषांतरासाठी लोक भांडतात त्यात तो शब्द स्वतंत्रपणे फक्त चार ठिकाणी आहे आणि जागांच्या नावांत तीनदा. हिब्रूत देवाचं ते नाव सहा हजारांहून जास्त वेळा येतं. बाकी बहुतेक ठिकाणी किंग जेम्सने 'लॉर्ड' लिहिलं तसं आपल्याकडे 'परमेश्वर' आहे, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" म्हणताना आपण तेच नाव घेतोय. कॅल्व्हरी हा येशूला वधस्तंभावर दिलं त्या जागेसाठी लॅटिनमधून आलेला शब्द, अर्थ कवटी, किंग जेम्समध्ये लूक २३:३३ ला एकदाच. आपल्या गीतांत कालवरी आहे आणि ती राहो, मला स्वतःला कालवरीची गाणी म्हणताना रडू येतं, पण 'कवटीची जागा' लिहिलं म्हणून कोणी वधस्तंभ काढून टाकला असं होत नाही.

या बाबतीत आपली मराठी आवृत्ती इतकी प्रामाणिक आहे की मला अभिमान वाटला. १ योहान ५:७-८ उघडा. किंग जेम्समध्ये तिथे "स्वर्गात साक्ष देणारे तिघे, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा, आणि हे तिघे एक आहेत" अशा अर्थाची ओळ आहे. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव याचा, याहून सोपा पुरावा कुठला! पण इरॅस्मसच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत ती नाही कारण त्याला ती एकाही ग्रीक प्रतीत सापडली नव्हती, त्यावरून त्याच्यावर टीका झाली, मग एक ग्रीक प्रत पुढे आली आणि १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती ओळ आली. आपल्या मराठीत साक्ष देणारे तीन म्हणजे आत्मा, पाणी व रक्त, बस. ज्यांनी सुधारणा केली ते सगळे त्रैक्य मानणारेच लोक, आपल्या बाजूचा इतका सोयीचा पुरावा त्यांनी स्वतःच बाजूला ठेवला कारण तो मूळचा नाही. आमच्या गल्लीत दारोदार येणारे विचारतात ना, त्रैक्य बायबलमध्ये कुठे आहे दाखवा, त्यांना आता माझी पोरं ही ओळ दाखवायला जात नाहीत, मत्तय २८:१९ दाखवतात आणि सांगतात की चौथ्या शतकात त्रैक्यावर एवढे मोठे वाद झाले, ३२५ ची निकियाची परिषद, ३८१ ची कॉन्स्टँटिनोपलची, पण त्या ग्रीक मंडळीपित्यांनी ही ओळ वापरलीच नाही, कारण त्यांच्या बायबलात ती नव्हती. तरी ते त्रैक्यापर्यंत पोचलेच.

आता भाषांतराकडे. वर्षभरात माझं ठाम मत झालंय की आपलं मराठी भाषांतर ही इंग्रजीची सावली नाही. काही वाद इंग्रजीत ज्या जागी पेटतात त्या जागी मराठी शब्दाने वेगळीच वाट काढलीय, काही ठिकाणी तर मराठी शब्दाने सरळ बाजू घेतलीय आणि आपल्या लक्षातही येत नाही.

यशया ७:१४ घ्या. इंग्रजीत १९५२ मध्ये आरएसव्ही ही नवी सुधारित आवृत्ती आली आणि त्यात 'व्हर्जिन'च्या जागी 'यंग वुमन' छापलं, तर अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात एका पाळकाने ते पान लोकांसमोर जाळलं. हिब्रू शब्द 'अल्मा', लग्नाच्या वयाची तरुण मुलगी, ग्रीक भाषांतरात तो 'पार्थेनोस' झाला आणि मत्तयाने १:२३ ला तोच घेतला. इंग्रजीत एकतर हे नाहीतर ते. आपल्याकडे दोन्ही ठिकाणी 'कुमारी'. शाळेच्या हजेरीपटावर मुलींच्या नावाआधी 'कु.' असायचं आठवतंय? ती लग्न न झालेली मुलगी, आणि तिचं कौमार्य समाजाने गृहीतच धरलेलं, बोलून न दाखवता. यशयाच्या काळात 'अल्मा' ऐकणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक हेच येत असणार. मी मरीयेचा कुमारीजन्म मनापासून मानते, मत्तय आणि लूक ते स्पष्ट सांगतात, यशयाच्या एका शब्दाला ताणून धरायची मला गरज वाटत नाही. पण ज्याने पहिल्यांदा 'कुमारी' लिहिलं त्याने इंग्रजीतला एक अख्खा वाद मराठीत होऊ दिला नाही, हे मला या वर्षी पहिल्यांदा दिसलं.

प्रभूच्या प्रार्थनेत मात्र उलट. "आम्हाला परीक्षेत आणू नकोस". ग्रीक 'पैरास्मोस' म्हणजे पारख पण आणि मोह पण. इंग्रजीने मोह घेतला, आपण परीक्षा घेतली. डिसेंबर २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस इटालियन टीव्हीवर म्हणाले की देव माणसाला मोहात नेतो असं वाटायला लावणारं भाषांतर बरोबर नाही, बाप असं करत नाही, ढकलणारा सैतान असतो. फ्रेंच कॅथोलिकांनी त्याच वर्षी शब्द बदलले, इटलीत २०२० च्या आगमनकाळापासून, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांपासून, मिस्सात नवे शब्द आले, 'आम्हाला मोहाच्या हाती सोडू नकोस' अशा अर्थाचे. यावर जगभर लोक चिडले की येशूची प्रार्थना सुधारणारे तुम्ही कोण. आणि ग्रीक व्याकरण बघितलं तर चिडणाऱ्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही, तिथे 'आणू नकोस' असंच आहे, 'पडू देऊ नकोस' असं नाही.

मराठीत हा वाद एवढा टोचत नाही कारण परीक्षा घेणं हे देवाला शोभतं, अब्राहामाची घेतली, ईयोबाची होऊ दिली. पण त्याची किंमत आहे. शब्बाथ शाळेतल्या सात वर्षांच्या मुलीने मला विचारलं की टीचर, ही प्रार्थना म्हटली तर युनिट टेस्ट होणार नाही का. ती खरंच विचारत होती. मोह हा अर्थ तिच्यापर्यंत पोचलाच नाही, आणि मोठ्यांपैकी किती जणांपर्यंत पोचलाय मला शंका आहे. एवढ्या एका शब्दाला खाली टीप हवी होती, 'किंवा मोहात', दोन शब्दांची. नाही.

आता जिथे आम्ही सलग पाच शुक्रवार अडकलो ती जागा. "तोच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे", १ योहान २:२.

इंग्रजी जगात या शब्दावर शंभर वर्षं होत आली वाद चाललाय. ग्रीक 'हिलास्मोस'. सी. एच. डॉड या बायबल अभ्यासकांनी १९३० च्या दशकात मांडलं की इथे देवाचा राग शांत करणं हा अर्थ नाही, पाप पुसून टाकणं हा आहे. लिऑन मॉरिस या दुसऱ्या अभ्यासकांनी उलट सांगितलं की देवाचा क्रोध खरा आहे आणि तो वगळला तर वधस्तंभाचा अर्थच उरत नाही. म्हणून आरएसव्हीत एक शब्द, ईएसव्हीत दुसरा, एनआयव्हीत तिसरा. हे फक्त प्राध्यापकांचं भांडण नाही, २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रेस्बिटेरियन मंडळीच्या नव्या गीतपुस्तकातून एक अतिशय लोकप्रिय गीत वगळलं गेलं, कारण समितीला 'देवाचा क्रोध शमला' या अर्थाच्या ओळीऐवजी देवाच्या प्रीतीची ओळ हवी होती आणि गीतकारांनी बदलायला नकार दिला. इंग्लंडमध्ये स्टीव्ह चॉक या पाळकांनी २००३ पासून विचारायला सुरुवात केली की बापाने मुलाला शिक्षा करून समाधान मानलं असं आपण शिकवतो ते कसलं चित्र आहे, त्यावरून इव्हँजेलिकल मंडळींत केवढी फाटाफूट झाली.

आणि आपल्या हातात 'प्रायश्चित्त'. हा शब्द किती आपला आहे बघा. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली, नावं वर्तमानपत्रात छापली गेली आणि केवढा गदारोळ, शेवटी रानडे आणि टिळक दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. ते पंचहौद म्हणजे गुरुवार पेठेतलं आपलं पवित्र नाम देवालय, आमच्या संघातली दोन पोरं तिथलीच आहेत, त्यांना ही गोष्ट कोणी सांगितलीच नव्हती. तर मराठीत प्रायश्चित्त *घेतात*, ज्याच्या हातून घडलं त्याने घ्यायचं, स्वतः, विधी करून, दंड भरून. दुसऱ्याचं प्रायश्चित्त कोणी घेत नाही. आणि योहान लिहितो की तो प्रायश्चित्त *आहे*. तो घेतो असंही नाही, माणूसच प्रायश्चित्त आहे. मराठी व्याकरणाला हे वाक्य बसत नाही आणि मला वाटतं म्हणूनच ते इतकं जोरात लागतं. इंग्रजीतला कुठलाही शब्द रोजच्या बोलण्यातला नाही, कोणाला काही वाटत नाही तो वाचून, आपल्याकडे शेतकरी असो की वकील, प्रत्येकाला माहितीये प्रायश्चित्त म्हणजे काय आणि ते कोणी घ्यायचं असतं, आणि तिथे येशू उभा आहे.

वादात मराठी कोणत्या बाजूला गेली? माझ्या मते डॉडच्या बाजूला जास्त, कारण प्रायश्चित्ताने दोष जातो, कोणाचा राग शांत करण्यासाठी 'शांत' हा वेगळा शब्द आपल्या धार्मिक व्यवहारात आहेच. पण मॉरिसचा मुद्दाही सोडवत नाही. आमच्या संघात एक मुलगी आहे, तिच्या घरी फार वाईट घडलंय, ती म्हणाली ताई, देवाला राग येत नसेल तर मला तो देव नकोय. यावर मी काही बोलले नाही. त्या दिवशी आम्ही तिथेच थांबून प्रार्थना केली.

दुसरा शब्द 'नीतिमान ठरवणे', रोमकरांस पत्रात पानोपानी. ठरवणे! कोर्टात आरोपी निर्दोष ठरतो, लग्न ठरतं, सभेत ठराव होतो. म्हणजे जाहीर केलं जातं. रिफॉर्मेशनचा, म्हणजे सोळाव्या शतकात ल्यूथरपासून कॅथोलिक मंडळीत पेटलेल्या धर्मसुधारणेचा, मूळ वादच हा की देव पाप्याला नीतिमान म्हणून जाहीर करतो की आतून नीतिमान करतो. आपल्या भाषांतरकारांनी 'ठरवणे' लिहून ल्यूथरची बाजू क्रियापदातच बसवली आणि दीडएकशे वर्षांत कोणाला खटकलं नसावं. माझी वसईची कॅथोलिक मैत्रीण आली होती एका शुक्रवारी, तिने विचारलं, ठरवलं पण बदललं का? किती चांगला प्रश्न. ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये कॅथोलिक आणि ल्यूथरन मंडळ्यांनी याच विषयावर एकत्र घोषणेवर सह्या केल्या, २००६ मध्ये मेथडिस्ट आले, २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्या. त्यात साधारण हेच म्हटलंय की कृपेने स्वीकार आणि आतलं नवेपण वेगळं काढता येत नाही. मग मी तिला सांगितलं की मराठीत लग्न ठरलं की मुलगी त्याच दिवशी बदलते, कागदावर काही झालेलं नसलं तरी. तिला पटलं, निदान हसली तरी.

याच पत्रात ३:२२ ला मराठीत 'ख्रिस्तावरील विश्वास' असा अर्थ घेतलाय. ग्रीकमध्ये 'चा' विभक्ती आहे, 'येशू ख्रिस्ताचा विश्वास' किंवा विश्वासूपणा असंही होतं, किंग जेम्सने १६११ मध्ये 'चा' असंच ठेवलं होतं, रिचर्ड हेज या अभ्यासकांनी १९८३ पासून तो मुद्दा पुन्हा पेटवला आणि आता काही इंग्रजी भाषांतरांनी 'ख्रिस्ताचा विश्वासूपणा' थेट मजकुरात घेतलाय. माझा विश्वास डळमळतो, रोज डळमळतो, त्याचा नाही, हे वाचून मला काय वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही. मराठी प्रतीत या शक्यतेचा मागमूस नाही. पुढच्या सुधारणेत ही एक टीप आली तरी मी दुसऱ्या बारा प्रती घेईन.

बायकांच्या बाबतीत या भाषांतराला पूर्ण मार्क आणि एक कट. रोमकरांस १६:१ मध्ये फिबी किंख्रियातल्या मंडळीची 'सेविका' आहे. ग्रीक 'दियाकोनोस', आणि हाच शब्द पुरुषांसाठी येतो तिथे मराठीत 'सेवक', फिलिप्पैकरांस १:१ बघा, अध्यक्ष व सेवक. सेवक-सेविका, जोडी बरोबर जुळते, कोणीही मराठी वाचणारी बाई बोट ठेवून दाखवू शकते. किंग जेम्समध्ये पुरुषांना 'डीकन' (मंडळीतलं सेवेचं पद) आणि फिबीला 'सर्व्हंट', इंग्रजी वाचणाऱ्याला कळणारच नाही की शब्द एकच आहे. रोमला, म्हणजे कॅथोलिक मंडळीला, स्त्री-डीकनांवर अभ्यास करायला २०१६ आणि २०२० मध्ये दोन समित्या बसवाव्या लागल्या, अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्टांनी २०२३ मध्ये बाई पाळक ठेवली म्हणून त्यांची एक अवाढव्य मंडळी काढून टाकली, आणि आपल्याकडे दक्षिण भारत मंडळीत त्याच्या दहा वर्षं आधी, २०१३ मध्ये पुष्पा ललिता बिशप झाल्या होत्या.

कट कशाचा? 'बंधुजनहो'चा. पौल लिहितो 'अदेल्फोइ', आणि तो बायकांनाही लिहितोय, रोमकरांस पत्राच्याच शेवटी फिबी, प्रिस्किल्ला, मरीया, युनिया यांची नावं घेतो. इंग्रजीत एनआरएसव्हीने १९८९ मध्ये आणि एनआयव्हीने २०११ मध्ये 'बंधू आणि भगिनींनो' केलं, त्यावर अमेरिकेत ठराव पास झाले विरोधात, की हे स्त्रीवाद्यांपुढे झुकणं आहे. मला नाही तसं वाटत. आमच्या महिला मंडळातल्या मावशी पन्नास वर्षं 'बंधुजनहो' ऐकत मागच्या बाकावर बसल्यात आणि सगळ्यात जास्त वचनं त्यांनाच पाठ आहेत. पौल त्यांच्याशी बोलत होता हे छापून यायला काय हरकत आहे?

या ठिकाणी पंडिता रमाबाईंची आठवण येते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत एकटीने आणलं, गावातल्या साध्या बाईला कळावं म्हणून, आणि तिथल्याच छापखान्यात तिथल्याच बायकांनी ते छापलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, काम पुरं करून गेल्या. त्याआधी विल्यम कॅरींनी सेरामपूरहून १८११ मध्ये नवा करार मराठीत छापला होता तो मोडीत. एवढी मोठी परंपरा आहे आपली, आणि तरुण संघातल्या बारापैकी एकालाही रमाबाईंनी बायबल भाषांतरित केलं हे माहीत नव्हतं. शाळेत त्यांचा धडा होता म्हणे, त्यात हे नव्हतं.

आता वस्तू म्हणून. कागद इतका पातळ की हायलायटर मागच्या पानावर उतरतो, पेन्सिलच वापरा, तीही टोक करून. अक्षर तिशीपर्यंत ठीक, पन्नाशीच्या माणसाला ट्यूबलाइटखाली त्रास होतो, जोडाक्षरं एकमेकांत घुसतात. बाइंडिंग बारापैकी नऊ प्रतींचं उत्तम राहिलं, दोघांच्या स्तोत्रसंहितेजवळ शिवण सुटली, एक पावसात भिजली ती मोजत नाही. दोन प्रती मी ऑनलाइन मागवल्या होत्या एका साइटवरून, कोपरे दुमडलेले आणि एकीचं कव्हर फाटलेलं आलं, परत करायला तीन आठवडे गेले, तेव्हा दुकानात जाऊनच घ्या, हातात धरून, पानं फडफडवून, रिबन ओढून बघा. मागे नकाशे आहेत पण फिकट. समासातले संदर्भ मात्र फार कामाचे, १ योहान २:२ वरून रोमकरांस ३:२५ ला आम्ही त्यांच्याच मदतीने गेलो.

भाषा जुनी आहे हे खरं. 'ह्यास्तव', 'ठायी', 'सार्वकालिक'. नवीन मुलांना पहिले दोन महिने अडखळायला झालं. सोपं हवं असेल तर मोबाईलवर दोन-तीन नवीन मराठी भाषांतरं फुकट आहेत, ती शेजारी उघडून ठेवा, आम्ही तसंच करतो, एक जण छापील वाचतो, एक मोबाईलवरचं, आणि जिथे दोघांचे शब्द वेगळे पडतात तिथे थांबायचं, अभ्यास तिथूनच सुरू होतो. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, त्यांचं सुबोध बायबलही शेजारी असू द्या, मराठी म्हणून वाचायला फार गोड आहे. पण पाठ करायला आणि मोठ्याने वाचायला मला ही जुनीच लागते. "देवाने जगावर एवढी प्रीती केली की" हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही शब्दांत माझ्या तोंडात बसत नाही.

स्टार: भाषांतराला साडेचार, छपाईला तीन, टीपांना एक. टीपांचा एक आहे म्हणून घेऊ नका असं अजिबात म्हणत नाही, घ्या, पण एकट्याने वाचून कंसांना घाबरू नका, पाळकांना विचारा, आणि पाळकांना माहीत नसेल तर दोघांनी मिळून शोधा. आमच्या पाळकसाहेबांनी तेच केलं, दोन शुक्रवार येऊन पोरांच्यात बसले, वही घेऊन.

आईसाठी मोठ्या अक्षरातली प्रत सांगून ठेवलीय दुकानात. तिची जुनी लग्नात मिळालेली आहे, नगरच्या मंडळीने दिलेली, समासात तिच्या अक्षरात चाळीस वर्षांच्या तारखा आणि नोंदी. कोण आजारी होतं, कोणासाठी कुठलं वचन धरलं होतं. नवीन आली की त्या सगळ्या पेन्सिलने उतरवून द्यायच्या आहेत, रोमकरांसपासून सुरू करणार आहे.